आपोआप उचलणारा डबा

शिरवळच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला आहे, तिथं मोठमोठ्या यंत्रांवर बसवायचे टचस्क्रीन पडदे तयार होतात. त्या पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं, केवढं असावं, हे ठरवणं माझं काम. माझ्या पडद्यांवर मुख्य गोष्टी तीनच: चालू, बंद आणि काहीतरी बिघडलंय. एवढ्या भांडवलावर माझी अशी पक्की समजूत झाली होती की जगातलं कुठलंही यंत्र मी कुठल्याही माणसाला सोपं करून देऊ शकतो. बायकोला ही समजूत मान्य नव्हती. तिचं म्हणणं, यांना घरातल्या मिक्सरचं झाकण अजून धड बसवता येत नाही.

तर या समजुतीपोटी मी म्हाताऱ्या माणसांसाठी एक यंत्र करायला घेतलं, आणि त्या यंत्रानं माझ्या आईचं आणि तिच्या थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या मामाचं, जे काही नातं शिल्लक होतं तेही मोडायची वेळ आणली.

सुरुवात झाली आईच्या फोनपासून. तिच्याकडं बटणांचा जुना फोन होता, त्यावरचे आकडे कधीच पुसून गेले होते. मी मोठ्या हौसेनं तिला स्मार्टफोन आणून दिला. तिनं तो रुमालात गुंडाळून डाळीच्या डब्यात ठेवून दिला.

"का गं आई, वापरत का नाहीस?"

"त्यो सारखा कायतरी इचारतोय. परवानगी द्या म्हनतोय. म्या कोन त्येला परवानगी देनार? तुज्या बापानं जल्मात कवा मला इचारलं न्हाई, आन ह्यो दिसातनं चारदा इचारतोय."

मग मी ठरवलं, काहीही न विचारणारं यंत्र करायचं. मोठा पडदा, वर बारकासा कॅमेरा, दोन-चार चित्रं, चित्राला हात लावला की त्या माणसाला फोन. आणि स्वस्त. आईनं अट घातली की ते एका लुगड्याच्या किमतीत बसलं पाहिजे. बायकोनं विचारलं, "आत्या, साधं का काठापदराचं?" आई म्हणाली, "रोजच्या वापरातलं."

कारखान्यात कडेला चरा पडलेले पडदे गिऱ्हाईक घेत नाही. ते मी रीतसर परवानगी काढून भंगाराच्या भावात घेतले. खंडाळा तालुक्यातलं आमचं गाव तसं आडबाजूचं, पण सुतार चांगला आहे. त्यानं दाराच्या उरलेल्या लाकडातून पेटी करून दिली. ती दिसायला हुबेहूब मसाल्याच्या डब्यासारखी झाली, म्हणून आई तिला पहिल्या दिवसापासून डबाच म्हणू लागली. मी तिच्यासाठी एक झकास इंग्रजी नाव काढलं होतं. ते नाव मी सोडून कुणी कधी उच्चारलं नाही.

आता बोटांची गंमत बघा. कारखान्यात माझे पडदे चालवणारी पोरं पंचविशीची, त्यांची बोटं मऊ. आईची बोटं जन्मभर भांगलण करून, उसाचं पाचट ओढून, राखेनं भांडी घासून अशी झाली होती की पडद्याला ते बोट आहे हेच कळेना. ती दाबायची, पडदा ढिम्म. मग तिनं नोटा मोजताना करतात तसं बोट जिभेला लावलं आणि दाबलं. आता पडद्याला इतकं कळलं की एकाच वेळी दोघांना फोन लागले. शेवटी एकदा पीठ मळताना तिनं चिडून वाकवलेल्या बोटाच्या पेरानं, दार ठोठावल्यासारखं, पडद्यावर टकटक केलं, आणि फोन बरोबर लागला. त्या दिवसापासून मी सगळी बटणं पेराच्या हिशेबानं पुरीएवढी केली आणि कारखान्यात तीन दिवस स्वतःवर खूश होऊन हिंडलो.

चित्रांचंही असंच. मी आधी माणसांचे फोटो घातले होते. आई एकदम मागं सरकली. "जित्या मानसाचे फोटू असले चौकटीत घालत्यात व्हय? काड आदी!" काढले. माझ्या सांगलीच्या बहिणीसाठी हळकुंडाचं चित्र टाकलं, ते पसंत पडलं. मामासाठी मी फेट्याचं चित्र टाकलं. आईनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आत निघून गेली.

बायको म्हणाली, "आवं, तुम्हाला काही अक्कल?"

इथं मला आमच्या घरातलं फेट्याचं प्रकरण सांगायला हवं. माझ्या लग्नात माइकवरून एकेक नाव पुकारून मानाचे फेटे बांधणं चाललं होतं. पहिला मान मामाचा. पण माइकवाल्यानं साखर कारखान्याच्या एका संचालकाचं नाव आधी पुकारलं, कारण ते पुढच्या लग्नाला जायच्या घाईत होते. मामा तेव्हा नुकताच फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. तो उठला आणि चालू पडला. आई मांडवाच्या दारात आडवी आली. "एवड्यातेवड्यावरनं उटून जायला तू काय परका हायस?" मामा म्हणाला, "परक्यालाच आदी बांदतात तुज्यात." त्या दिवसापासून अबोला. माझ्या लग्नाला जितकी वर्षं, तितकीच अबोल्याला. बायको म्हणते, दोन्ही सारखंच टिकलंय.

अबोला म्हणजे येणं-जाणं बंद असं नाही हं. बारशाला, बाराव्याला दोघं भेटत. फक्त एकमेकांशी बोलत नसत. एकाच पंगतीत बसून आई मला सांगायची, "मामाला म्हनावं, भात घे." मामा मला सांगायचा, "आईला म्हनावं, पोट भरलं." दोघांच्या मधे मी, हातात आमटीचं भांडं. दोघांना एकमेकांचं लख्ख ऐकू येत असे, पण मी ते पुन्हा म्हटल्याशिवाय ते बोलणं झालं असं धरत नसत.

आणि दुसरी गोष्ट होती मिस कॉलची. रोज दिवेलागणीला आई देवापुढं दिवा लावायची, बाहेरच्या सोप्यात येऊन बसायची आणि बटणांच्या फोनवरून जतला मामाला मिस कॉल द्यायची. एक रिंग, की कट. थोड्या वेळानं तिकडून मामाचा यायचा. एक रिंग, कट. आज हिनं आधी, तर उद्या त्यानं आधी. मी समजत होतो, ही जुनी बॅलन्स वाचवायची सवय. एकदा म्हटलंही, "आई, आता बोललं तरी तेवढेच पैसे पडतात."

"बोलायचं कशापायी? वाजला म्हंजी हाय."

मामी जाऊन काही वर्षं झाली होती. मामाचा पोरगा फौजेत, तिकडं लांब सरहद्दीवर. मामा जतच्या घरात एकटा, सोबतीला पाच-सहा मेंढरं. तो आहे, हे आईला रोज कळायचं ते त्या एका रिंगवरून.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी डब्यात आपोआप फोन उचलायची सोय घातली. म्हाताऱ्या माणसांना फोन उचलताना गडबड होते, बटण सापडत नाही, तोवर फोन बंद होतो. तेव्हा पहिली रिंग वाजली की डब्यानं स्वतःच उचलायचा, मोठ्या आवाजात. माझ्या मते सगळ्या डब्यातली ही सर्वांत थोर गोष्ट होती. आईचं सिमकार्ड काढून मी डब्यात घातलं, फेट्याच्या जागी मेंढीचं चित्र टाकलं, आणि डबा सोप्यातल्या कोनाड्यात बसवला.

त्या दिवशी आधी वाजवायची पाळी मामाची होती.

मी घरामागच्या परड्यात होतो. आत आलो तर आई कोनाड्यासमोर ताठ उभी, डोक्यावर पदर, तोंडावर हात. डब्यातून मेंढराचं ओरडणं येत होतं आणि एका माणसाचा जोराचा श्वास. मामाला वाटलं होतं, आपण कट केलाय. मग त्याला कळलं की फोन चालू आहे. तो खाकरला. इकडं आई खाकरली. आणि मग दोघंही गप्प. कारण आधी जो बोलेल त्याचा अबोला मोडला. आईला फोन बंद करता येईना, आणि तिकडं मामा हटून बसलेला. मेंढरू तेवढं दोघांच्या वतीनं बोलत होतं.

मला काय सुचावं? मी आनंदानं ओरडलो, "हॅलो मामा! कसा येतोय आवाज?"

"कुनी उचलला ह्यो?"

"कुणीच नाही मामा, आपोआप उचलतो तो!"

"आपोआप?" मामाचा आवाज चढला. "फोन काय आपोआप उचलतोय व्हय रं? आईला सांग तुज्या, बोलायचंच व्हतं तर सरळ बोलायचं. रोजची रीत मोडून ही असली दगाबाजी न्हाई चालायची." आणि कट.

"सांग त्येला, म्या न्हाई उचलला!" आई डब्यावर ओरडली. पण पलीकडं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामाचा मिस कॉल आला नाही. पाळी आईची होती, पण तिनंही दिला नाही. "आता म्या वाजवला तर म्हनंल, बगा, काल उचलला, आज वाजवला, वाकली शेवटी." मी आपोआप उचलणं बंद करून टाकलं, सिमकार्ड परत तिच्या जुन्या फोनात घातलं. पण मोडायचं ते मोडलं होतं. दिवेलागणीला आई फोन मांडीवर घेऊन बसायची आणि तो वाजायचा नाही. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. टीव्हीवर हवामान लागलं की ती विचारायची, "जतकडं काय म्हनत्यात?" जत त्या बातम्यांत सहसा नसतंच. मी स्वतः मामाला फोन केला तर त्यानं उचलला नाही. त्याला बहुधा वाटलं असावं, हाही आपोआपच लागला असेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी आईनं माझ्यासमोर चहाचा कप जरा जोरात ठेवला. "हाय का न्हाई त्यो, ते तरी कळूदे मला. तू मोडलंस, तूच जोड. जा."

बायको म्हणाली, "जा आवं. आणि तिथं जाऊन काही नवीन शोध लावू नका."

मी सुट्टी टाकली, दुसरा एक डबा पिशवीत घातला आणि एस्टी धरली. सांगलीत गाडी बदलताना मामाच्या आवडीचं भडंग घेतलं. जतला पोचलो तेव्हा मामाच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला होता आणि मामा, पांढऱ्या मिशा, अंगात बनियन, सगळ्या गल्लीच्या घागरी एका रेषेत लावून घेत होता. "लाइन सीधी! ये घागर किसका है?" बायका हसत होत्या, पण घागरी सरळ करत होत्या. माणूस खडखडीत होता. माझ्या जिवात जीव आला. मी आधी बायकोला फोन करून सांगितलं, मामा ठणठणीत आहे. ती ते आईला सांगत असताना मागून आवाज आला, "वाळलाय का?" मी म्हटलं, नाही. "बग नीट."

मामानं मला बघितलं. "ये भाच्या. आपोआप आलास, का कुनी पाटवलं?"

मी पाणी पिण्याआधी सगळं सांगून टाकलं. आईनं उचललाच नाही, ते यंत्र आहे, सोय मी केली, चूक माझी. मामा भडंग खात शांतपणे ऐकत होता.

"हौद, हौद," तो म्हणाला. जतच्या बाजूला हो म्हणताना कानडी हौद तोंडात येतं. "समदं ऐकलं. पन सबूत पायजे. घरात कुनी नगं. डब्याला कुनी हात लावायचा न्हाई. मंग म्या फोन लावनार. त्येनं उचलला तर मानीन."

मी बायकोला फोन करून सांगितलं की आईचं सिमकार्ड परत डब्यात घाल, सोय पुन्हा चालू कर, कॅमेऱ्याचंही बटण दाब, आणि आईला घेऊन घराबाहेर जा. ती म्हणाली, "ही काय चौकशी समिती बसलीय का?" पण केलं तिनं सगळं. मी मामाचं सिमकार्ड दुसऱ्या डब्यात घालून तो त्याच्यापुढं ठेवला. मामानं कडक सावधानमध्ये बसून बोट पुढं केलं, आणि त्याचंही बोट पडद्याला कळेना. "पेरानं मामा, दारावर टकटक केल्यागत." त्यानं टकटक केली.

एक रिंग. आणि पडद्यावर आमचा सोपा आला. रिकामा. कोपऱ्यात घोंगडं, खुंटीला माझी छत्री, उंबऱ्यावर झोपलेलं मांजर. मामा नाक पडद्याला लावून बघत होता.

"कुनी न्हाई," तो म्हणाला.

"कुणी नाही मामा."

एवढ्यात दाराआडून आईचा आवाज आला, स्वच्छ. "उचलला का गं? बगितलं का त्येनं?"

मामाच्या मिशा हलल्या. "बाहीर गेली म्हनालास न्हवं?"

"दाराच्या बाहेर आहे ती."

मामानं भडंगाचा पुडा बाजूला सारला. मग माझ्याकडं तोंड करून, पण आवाज डब्याला पोचेल एवढा काढून म्हणाला, "आईला सांग, पटलं म्हनावं."

मी सांगायच्या आत दाराआडून उत्तर आलं. "मामाला सांग, लवकर पटलं म्हनावं! पाच दिस लागलं."

"आईला इचार, गुडगा कसा हाय."

"आई, मामा विचारतायत..."

"ऐकलं म्या, बहिरी न्हाई. त्येला म्हनावं, गुडगा हाय तिथंच हाय. त्येला इचार, सांजचं काय खातोस."

"मामा, आई विचारते..."

"आरं कळलं की मला, पुन्यांदा कशाला सांगतुयास?" मामा चिडला. मी गप्प बसलो, तर लगेच, "आरं सांग की तिला, भाकरी आन पिटलं."

असं चांगलं तासभर चाललं. आई हळूहळू दारातून सोप्यात आली, मग कोनाड्यासमोर बसली. शेवटी मामानं डबा बंद केला आणि खरी अडचण काढली.

"तू गेल्यावर मधी कोन?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. दिवेलागणीला बायको अंगणवाडीतून दमून येऊन चुलीपुढं. माझी कारखान्यातून यायची वेळ ठरलेली नाही. मामाच्या घरात मेंढरं. आणि मधल्या माणसाशिवाय हे दोघं पुन्हा खाकरत बसणार. शिवाय मामानं अटी घातल्या: रोजची वेळ दिवेलागणीचीच राहील, पण फोन लावणार आपण नाही आणि उचलणारही आपण नाही. म्हणजे कुणी वाकलं असं होणार नाही.

तेव्हा मी मामाच्या ओट्यावर बसून मामाच्या डब्यात स्वतः आणि घरच्या डब्यात बायकोला फोनवर सांगून अशी व्यवस्था केली की दिवेलागणीला एका डब्यानं आपोआप लावायचा आणि दुसऱ्यानं आपोआप उचलायचा. हात कुणी लावायचाच नाही. म्हाताऱ्यांच्या बोटांसाठी मी महिनोन् महिने खपून जो टचस्क्रीन केला होता, त्याला शेवटी कुणी टच करायची गरजच उरली नाही. हे मी बायकोला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मधल्या माणसाचं मात्र मला काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या एस्टीत मी डोकं खाजवत होतो. निरोप साठवून ठेवायचा? डब्यानं आपल्या आवाजात तो पुन्हा सांगायचा? सातारा येईपर्यंत माझ्या डोक्यात आणखी एका डब्याचा आराखडा तयार होता, पहिल्या दोन्हीपेक्षा महाग.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. सोप्याच्या पायरीवर बायको उभी होती. मी आत निघालो तर तिनं माझा शर्ट धरून मला मागं ओढलं.

"आवं, थांबा. मधला माणूस मिळालाय त्यांना."

मी डोकावलो. आई कोनाड्यासमोर बसून शेंगा फोडत होती. पडद्यावर मामाच्या मिशा. आई मामाकडं बघत नव्हती. ती डब्याच्या कडेकडं, जिथं सुताराचं काम जरा वाकडं झालंय तिकडं बघून बोलत होती.

"डब्या, त्येला सांग, थंडीचं बनियनवर बसू नगं म्हनावं."

"डब्या, तिला सांग, सरहद्दीवर बनियनवर काडल्यात म्हनावं थंड्या."

"डब्या, त्येला सांग, तवा तरना व्हतास."

डबा अर्थात काहीच सांगत नव्हता. पण दोघांना त्याचं काम एकदम पसंत होतं. माझ्यापेक्षा बरा, असंही मामा एकदा म्हणाला. पुन्यांदा सांगत न्हाई.

मग मामा जरा घुटमळला. "डब्या, तिला इचार, जतला येती का म्हनावं. चार दिस."

आईचा हात शेंगेवर थांबला. ती काही बोलेना. मामाही बोलेना. आणि इथं माझी आणखी एक सोय जागी झाली: बराच वेळ कुणी बोललं नाही की डब्यानं गोड आवाजात विचारायचं. "कुणी बोलत नाही. फोन बंद करू का?"

"गप!" इकडून आई आणि तिकडून मामा, एकदम.

डबा गप्प झाला. आईनं शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "त्येला म्हनावं, मुराळी आल्याबिगर म्या कवा माहेरला गेले न्हाई." माहेराहून न्यायला येणारा माणूस म्हणजे मुराळी. तो आल्याशिवाय लेकीनं आपलं आपण निघायचं नसतं, मग ती सत्तरीची का असेना.

"तिला म्हनावं, पोरगा हाय सरहद्दीवर. मुराळी कुठनं आनू? मलाच यावं लागंल."

"मंग ये म्हनावं."

"परवाच्याला निगतो म्हनावं. डब्या, खंडाळ्याला यायला सकाळची गाडी कवा हाय रं?"

डब्याला माहीत नव्हतं. मामा वाट बघत राहिला. चुलीवर दूध उतू जाण्याचा वास आला तशी आई गुडघा धरत उठली आणि स्वयंपाकघराकडं पळाली. पळता पळताच तिनं मान वळवून, सरळ पडद्यावरच्या मिशांकडं बघून ओरडून सांगितलं,

"सातची धर! आन सांगलीत उतरून गाडी बदल, न्हाईतर मागल्या बारीसारका आदीच मिरजंत उतरून बसशील!"

"व्हय, व्हय, ध्यानात हाय," मामा म्हणाला.

आई दुधाकडं गेली. डब्याला कुणी काही सांगायला सांगितलं नव्हतं. मी बायकोकडं बघितलं. मी काहीतरी बोलणार एवढ्यात तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.